मामींचं तूप, मामांचे उंदीर

माणसाचं रक्त निघालेलं दिसलं की जगातला कुठलाही माणूस आधी कापूस शोधतो. आमचे मामेसासरे आधी घड्याळ शोधत. घड्याळ म्हणजे मनगटावरचं नव्हे, शर्यतीत लावतात तसलं स्टॉपवॉच, आणि शोधत म्हणायचं तेही उगाच, कारण ते कायम त्यांच्या शर्टाच्या खिशातच असे. दुसऱ्या खिशात गोल कापलेले टिपकागद. कोणाचं बोट विळीवर कापलं, कोणाला दाढी करताना ब्लेड लागलं, की मामा हजर. "पुसू नका, पुसू नका. आपोआप थांबू द्या," असं म्हणून ते बटण दाबत आणि थोड्या थोड्या वेळाने टिपकागद जखमेच्या कडेला हलकेच टेकवत. कागदावर लाल ठिपके उमटत, मोठ्याचे लहान होत जात, आणि शेवटी कागद कोरा निघाला की मामांचा चेहरा असा काही खुलायचा की जखमी माणसाला वाटावं, आपण काहीतरी पराक्रम केला. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "तूप किती खाता?"

मला हा प्रश्न त्यांनी माझ्या स्वतःच्या लग्नात विचारला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, डोंबिवलीतला एक कार्यालयवजा हॉल, मी पाटावर उभा, आणि मुंडावळ्या घट्ट बसवण्याच्या नादात आमच्या चुलतभावाने टाचणी सरळ माझ्या कपाळात खुपसली. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत वधूपक्षाकडून एक उंच, किडकिडीत, टक्कल पडलेले गृहस्थ पुढे आले, त्यांनी गुरुजींना हातानेच थांबवलं आणि माझ्या कपाळाला कागद टेकवायला सुरुवात केली. मला वाटलं, यांच्याकडे काही कुळाचार असेल. आमच्या वडिलांना तर तसंच वाटलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आमच्याकडून पण कोणी करायचंय का?" अंतरपाटापलीकडून बायको, म्हणजे होणारी बायको, दात-ओठ खात म्हणाली, "मामा, मुहूर्त टळतोय." मामा म्हणाले, "अगं थांब, थांबतच आलंय." थांबलं. मग ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जावईबापू, उत्तम गोठतंय. तूप किती खाता?" आता सांगा, बोहल्यावर उभ्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "मिळेल तितकं." तेव्हापासून मी त्यांचा लाडका झालो.

मामा ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि वर्तकनगरच्या एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांचं काम पांढऱ्या उंदरांवर चाले. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं की रक्त लवकर का गोठतं आणि शरीरात दाह का पेटतो, हे त्यांना उंदरांकडून काढून घ्यायचं होतं. त्या काळी कोलेस्टेरॉल हा शब्द डोंबिवलीत फारसा पोचलेला नव्हता. माझ्या आईला ती परदेशातून आलेली साथ वाटली आणि मामा आले की ती पाणी उकळून देऊ लागली. मामा मात्र समोरच्याला समजेपर्यंत सोडत नसत. "हे बघा जावईबापू, पाक जास्त झाला की डब्यातले शंकरपाळे एकमेकांना चिकटून बसतात की नाही? तशा रक्तातल्या चकत्या चिकटतात. आणि पांढऱ्या पेशी उगाचच रक्तवाहिनीच्या भिंतीला येऊन बसतात. आग कुठेच नाही आणि बंब मात्र गल्लीत घुसलेत. तो दाह." हे सगळं ते सांगत श्रीखंड खाताना. समोरच्याचं श्रीखंड वाटीतच राही आणि मामांचं संपलेलं असे.

उंदराच्या शेपटीच्या टोकाला बारीकशी चीर द्यायची, शेपूट कोमट मिठाच्या पाण्यात धरायची आणि रक्त थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा, पंजाला सूज आणवायची आणि ती व्हर्निअरने, म्हणजे जाडी मोजायच्या बारीक पट्टीने, मोजायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. माणसाची सवय घरी येते. मामांच्या घरी डास चावला तर खाजवायची चोरी होती. आधी अंगावर उठलेल्या गांधीची रुंदी मोजली जाई. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मामा ठाण्याहून मुद्दाम डोंबिवलीला आले. मला वाटलं, विचारपूस करायला आलेत. त्यांनी सोबत मोसंबी आणलेली, नाही असं नाही, पण पिशवीत मोसंब्यांच्या खाली व्हर्निअर होतं. एकदा टेंभी नाक्यावर दहीहंडी बघायला आम्ही गेलेलो. वरच्या थरातला एक गोविंदा घसरून खाली आला, गुडघा फुटला, गर्दीतून सगळ्यांच्या आधी पोचले ते मामा. टिपकागद लावून विचारतात कसे, "तू लोणी किती खातोस रे?" तो बिचारा कण्हत म्हणाला, "ओ काका, पाणी द्या ना आधी, लोण्याचं काय घेऊन बसलात." मामांनी पाणी दिलं, पण घड्याळ बंद केलं नाही.

सगळ्या जगाचे त्यांनी दोन गट पाडलेले होते. एक तुपाचा गट, एक कोरडा गट. लग्नाच्या पंगतीत, कॉलनीच्या गणपतीत, शेजारच्या मुंजीत, मामा उभे राहून नजरेने गट पाडत. त्यांची आयुष्यात एकच इच्छा होती आणि ती ते दर भेटीत बोलून दाखवत. "एकदा, फक्त एकदा, दोन गट शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातला फरक या डोळ्यांनी बघायचा. बस्स. मग मी निवृत्त व्हायला मोकळा."

अडचण एवढीच की उंदीर सहकार्य करत नव्हते. उंदीर हा प्राणी मुळात फार निरोगी. काहीही खावो, त्याच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल सहजी वाढत नाही. मामांना याचा मनस्वी राग होता. "दिवसभर खातो, व्यायाम म्हणून चाकात चार फेऱ्या मारतो, आणि रक्त बघावं तर योगी माणसाचं," असं ते उंदरांबद्दल बोलत तेव्हा आपण आपलं पोट आत ओढून बसावं. त्यांना चरबीयुक्त खाणं द्यायला हवं होतं. परदेशातून मागवलेलं खाद्य गोदीत अडकलं, कंपनीत बनवलेला भुसा उंदरांनी हुंगून सोडून दिला. कंपनीचे मोठे साहेब आधीच या उंदरांवर नाखूश होते. त्यांनी सांगून टाकलं की येत्या बैठकीत दोन गटांतला फरक दाखवा, नाहीतर उंदीरघर बंद, तुम्ही गोळ्या-तपासणी विभागात. झालं. मामांची झोप उडाली, आणि शेवटी प्रयोग मामींच्या स्वयंपाकघरात आला.

मामींबद्दल आधी सांगायला हवं. मामी ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोजक्या आणि वाढायला सढळ. पण त्यांचा एक नियम होता, पंक्तिप्रपंच करायचा नाही. पंगतीला बसलेल्यांत एकाला जास्त आणि एकाला कमी, एकाला गोड आणि एकाला कोरडं, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. ऐकायला हे फार थोर वाटतं, पण नव्या जावयाच्या बाजूने विचार करा. पहिल्या सणाला मी वर्तकनगरला जेवायला गेलो. जावई म्हणून एखादा चमचा तूप जास्त पडेल, एवढी माफक अपेक्षा होती. मामी तुपाचं भांडं घेऊन आल्या, मला एक चमचा, मामांना एक चमचा, आमच्या हिला एक चमचा, आणि मीटर बघायला आलेला वीज कंपनीचा माणूस होता, त्यालाही बसवलेलं, त्याला एक चमचा. मी पान थोडं पुढे सरकवून बघितलं. मामी म्हणाल्या, "थांबा, परत फेरी येईल तेव्हा सगळ्यांनाच." माझा तो अपमान मी कधीच विसरलो नाही.

तर या मामींनी उंदरांसाठी लाडू वळायला घेतले. कृती मामांनी सांगितलेली. एका डब्यातल्या लाडवांत कणीक, भरपूर तूप, अंड्याचा बलक आणि मामांनी प्रयोगशाळेतून आणलेली पांढरी पूड, म्हणजे निव्वळ कोलेस्टेरॉल. दुसऱ्या डब्यातल्यांत नुसती कणीक आणि पाणी. अंडं घरात शिजणार नाही म्हणून एक वेगळा स्टोव्ह गॅलरीत मांडला गेला. लाल झाकणाचा डबा तुपाच्या गटाचा, निळ्या झाकणाचा कोरड्या गटाचा. उंदरांनी दोन्ही डब्यांवर अशी झडप घातली की मामा हरखून गेले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "अगं, तुझ्या हाताला काय चव आहे." मामी लाजल्या. त्यांच्या स्वयंपाकाची मामांनी केलेली ती पहिलीच उघड स्तुती, आणि तीही उंदरांच्या वतीने.

पुढे काही आठवड्यांनी मामांनी मोजमापं घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. तुपाच्या गटाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, उत्तम. रक्त भराभर गोठत होतं, पंजे टम्म फुगत होते, सगळं पुस्तकात असावं तसं. पण कोरड्या गटाचंही अगदी तसंच. मामांनी तराजू तपासला, रसायनं बदलली, नवं स्टॉपवॉच आणलं. मग त्यांचा संशय नाखव्यांवर गेला. नाखवा म्हणजे उंदीरघराची देखभाल करणारे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले गृहस्थ. पिंजरे धुणं, पाणी भरणं, डबे वाटणं त्यांच्याकडे. मामांनी त्यांना समोर बसवून विचारलं, "नाखवा, निळ्या डब्याच्या पिंजऱ्यात तू काही भलतंसलतं घालतोस का?" नाखवा दुखावले. "सायेब, मी यांना मावऱ्याचा काटा पन कवा दाखवला नाय. तूप कुटून देऊ? माज्या घरी मनाच भेटत नाय." मामांना ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी नाखव्यांना चहा पाजला.

बैठकीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं वर्तकनगरला जेवायला गेलेलो. मामा वरणभाताकडे बघत नुसते बसलेले. आमची ही म्हणाली, "मामा, जेवा ना." ते म्हणाले, "काय जेवू? दोन्ही गट सारखे. परवा साहेबांपुढे काय ठेवू? माझं उंदीरघर गेलं समज." सगळं वातावरण गंभीर, आणि अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण मामी तूप घेऊन आल्या आणि माझी जुनी जखम जागी झाली. मी म्हटलं, "मामी, आज तरी एक चमचा जास्त. जावई आहे मी." मामी हसल्या आणि सहज म्हणाल्या, "अहो, पंक्तिप्रपंच मी उंदरांतसुद्धा केला नाही, तर तुमच्यात कशी करीन?"

मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? दोन्ही डब्यांत सारखंच घातलं. एकाच खोलीत शेजारी शेजारी पिंजरे, तुम्हीच सांगितलंत. एकाने तुपाचा लाडू खायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघत कोरडी कणीक चघळायची? मला नाही जमणार."

"आणि पूड?" मामांचा आवाज अगदी खोल गेलेला.

"पूडसुद्धा निम्मी निम्मी. कंपनीची पूड, काहीतरी ताकदीचं औषध असणार म्हटलं. ते एकालाच का द्यायचं?"

मी खाली मान घालून भात कालवू लागलो. आमच्या हिला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. मामांनी ताकभात मागितला, शांतपणे जेवले, हात धुतले आणि गॅलरीत त्या अंड्याच्या स्टोव्हपाशी जाऊन उभे राहिले. मामींना आता कुठे आपण काय केलं ते उमगलं. त्या पदर डोळ्यांना लावून गॅलरीच्या दारात गेल्या. "अहो, साहेबांना सरळ सांगा, बायकोने घोळ घातला म्हणून. तुमचं काम वाचेल. एकदा परत करू देतील." मामा वळले. "काय सांगू? माझ्या बायकोने सगळ्यांना सारखं वाढलं, ही तिची चूक झाली? हे मला साहेबांपुढे बोलता नाही यायचं गं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, मी सगळं तपासलं. घरचा तराजू तेवढा तपासायचा राहिला." मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि तितकाच आवडलाही तो मला त्या दिवशी.

बैठकीचा वृत्तान्त नाखव्यांनी नंतर सांगितला, कारण ते पिंजरे घेऊन आत उभे होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, खाद्य कोणी बनवलं? मामा म्हणाले, मी. दोन्ही गटांना एकच खाद्य कसं गेलं? मामा म्हणाले, माझा हात चुकला. नाखवा आमच्या हिला सांगताना म्हणाले, "ताई, मना ठावं व्हतं लाडू घरशी येतान. पन सायेबाने माज्याकरं असं बगलं का मी गप ऱ्हायलो." उंदीरघर बंद झालं. मामा गोळ्या-तपासणी विभागात गेले, तिथे औषधाची गोळी पाण्यात विरघळायला किती वेळ लागतो ते मोजण्याचं काम होतं. स्टॉपवॉच तेच. फक्त आता ते कोणाच्या घरी गेले की चहात साखर घालून न ढवळता बघत बसत आणि यजमानीण बाईंना वाटे, चहात काहीतरी पडलंय. मामींना त्यांनी त्या लाडवांवरून कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मात्र निळ्या झाकणाचा डबा त्यांनी फेकू दिला नाही. त्यात मामींनी पुढे साबुदाणा भरला.

मग नव्वदच्या दशकात केव्हातरी कॉलनीचा जिना चढताना मामांच्या छातीत दुखलं. आम्ही डोंबिवलीहून धावत ठाण्याला, इस्पितळात. जीव मुठीत धरून आत गेलो तर मामा खाटेवर पडल्या पडल्या नर्सशी हुज्जत घालत होते. तिने रक्त काढून बोळा दाबून धरलेला आणि मामांना तो काढून वेळ मोजायचा होता. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर काळजीत, मामी रडवेल्या, आणि मामा मात्र उशीवर टेकून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. "जावईबापू, बघा हा आकडा. माझ्या सगळ्यात यशस्वी उंदराचासुद्धा एवढा नव्हता."

डॉक्टरांनी तूप बंद केलं. आता सुज्ञ वाचकांच्या लक्षात पुढचं आलंच असेल. मामींनी तूप बंद केलं ते मामांचं नव्हे, घराचं. स्वतः सोडलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सुटलं, सणावाराला गेलेल्या जावयाचं तर आधी सुटलं. पुरणपोळी कोरडी, मोदक कोरडे, वरणभातावर नुसतं लिंबू. मामा बिचारे स्वतः म्हणत, "अगं, त्यांना वाढ ना. मी बघत नाही." मामी म्हणत, "तुम्ही नाही बघणार, पण मी वाढताना बघणार ना?" मी बायकोला म्हटलं, हे म्हणजे अतीच झालं. परतताना मी ठाण्याला स्टेशनबाहेर लोणी डोसा खायचो. घरी कोणी विचारलं तर जेवण मामींकडे झालं म्हणून सांगायचो.

मामांच्या डोक्यातला किडा मात्र यातही जागा होता. तूप सुटायच्या आधीच त्यांनी मामींचंही रक्त तपासून घेतलेलं. तर मामींचं कोलेस्टेरॉल जवळजवळ मामांइतकंच चढलेलं. लग्नापासून एकाच भांड्यातलं, एकाच चमच्याने खाल्लेलं तूप ते. कोरडं जेवण सुरू झाल्यावर पुन्हा तपासलं, तर दोघांचंही जोडीने उतरलेलं. मामा दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बघा. परत दोन्ही गट सारखे. ही बाई मला फरक म्हणून दिसू देत नाही." मामी आतून म्हणाल्या, "नका ना बघू मग." मामा हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. कोरडी पुरणपोळी घशात अडकलेली असूनही हसलो.

दुसरा झटका आला तो सकाळी, पेपर वाचताना. त्या वेळी आम्हाला धावत जायलाही सवड मिळाली नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे वर्तकनगरला जमलो. नाखवाही आलेले, घरातल्यासारखेच. गुरुजींनी सांगितलेलं पान गच्चीवर गेलं. मामींनी मात्र स्वतःच्या मनाने आणखी एक पान पंगतीत मांडलं, मामांच्या नेहमीच्या जागेवर, माझ्या शेजारी. शेजारी त्यांचं स्टॉपवॉच ठेवलं. मग त्या आत गेल्या आणि तुपाचं भांडं घेऊन आल्या. किती वर्षांनी त्या घरात तुपाचा वास आला. मामांच्या पानातल्या भातावर त्यांनी चमचा धरला, काठोकाठ चमचाभर तूप सोडलं आणि पुटपुटल्या, "आता खा. आता कोणी नाही म्हणत नाही."

आणि मग, तोच चमचा घेऊन, त्या माझ्याकडे वळल्या. मला वाढलं, आमच्या हिला वाढलं, नाखव्यांना वाढलं, शेवटच्या पानापर्यंत गेल्या. परत फिरताना माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्या भातावर न मागता आणखी एक चमचा घातला. मी वर बघितलं. त्यांनी पुन्हा मामांच्या पानावर एक चमचा घातला, आणि मग परत सगळ्यांना एक एक. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी कुरकुर केली तो चमचा अखेर मिळाला होता, आणि मला तो कोरडा भात हवासा झाला होता.

मी उजवीकडे बघितलं. दोन पानं, शेजारी शेजारी. तोच भात, तेच वरण, तेवढंच तूप. फरक म्हणाल तर एवढाच होता की त्या पानावर कोणी बसलेलं नव्हतं.